आभाचं कॅरेक्टर

"तो शब्द उच्चारायलासुद्धा मला लाज वाटते," असं म्हणून शशिकलाबाईंनी तो पुन्हा उच्चारला. कॅरेक्टर. मुलीच्या बापासमोर, मुलीच्या तोंडावर, आणि वर अडकित्त्यानं सुपारी कातरत.

त्यांच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये चौघं बसले होते. शशिकलाबाई, त्यांचा मुलगा सुशांत, त्याच्याशी साखरपुडा झालेली आभा आणि तिचे वडील विनायकराव. लग्न अगदी तोंडावर आलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, अर्ध्या वाटूनही झाल्या होत्या. आणि आता बाई म्हणत होत्या, लोक काय काय बोलतात ते कानावर आलं म्हणून आम्ही जरा चौकशी केली, राग मानू नका.

जरा! सुशांतचे मामा दिनानाथ आभा शिकवायची त्या शाळेत जाऊन आले होते. मॅडम एकट्या येतात का, कुणी सोडायला येतं का, असं शिपायाला विचारलं. मुख्याध्यापिकेलाही विचारलं. पळस्पे फाट्यावर आभा एसटीची वाट बघत थांबायची, तर तिथल्या टपरीवाल्यालाही सोडलं नाही. मुख्याध्यापिकेनं आभाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का? तेव्हापासून आभा स्टाफरूममध्ये शिरली की बोलणं थांबायचं. किळस येते असल्या चौकशीची. पण रीत आहे म्हणे.

"हे आलं कुठून, विहीणबाई?" विनायकराव म्हणाले. "बोलणाऱ्याचं नाव तरी कळू दे."

बाईंनी आढेवेढे घेतले आणि शेवटी वरच्या मजल्यावरच्या सुनंदाताईंना बोलावलं. त्या जिन्यातच उभ्या असाव्यात, इतक्या लगेच आल्या. म्हणाल्या, मी मनचं सांगत नाही, या कानांनी ऐकलंय. शशिकलाबाईंना सांगताना मी नाव गाळलं, कारण आपल्यामुळे कुणाच्या घरात भांडण नको. पण विचारताच आहात तर ऐका, हे तुमचा सुशांतच बोलत होता. दार उघडं होतं, तो फोनवर मित्राला सांगत होता.

"काय सांगत होता?" विनायकरावांनी विचारलं.

"आभाचं कॅरेक्टर एकदम वीक आहे, म्हणाला. सुरुवातीलाच लक्ष द्यायला हवं होतं. आता कुणीही येतं नि तिला लोळवून जातं."

विनायकरावांनी मान खाली घातली. सुपारी कातरायची थांबली. आणि आभा हसली. आधी फिसकन, मग चांगली खळखळून. बापाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

प्रकार भलताच साधा होता. साखरपुड्यानंतरच्या रविवारी सुशांतनं तिला आपल्या नव्या कॉम्प्युटरवर एक गेम दाखवला होता. जादूगार, राक्षस, तळघरं, तलवारी. त्यात आधी आपला एक माणूस घडवायचा असतो. त्याला कॅरेक्टर म्हणतात. मोजके पॉइंट मिळतात, ते ताकद, बुद्धी, चपळाई अशा गुणांत वाटायचे. आभानं कॅरेक्टरला स्वतःचंच नाव दिलं आणि सगळे पॉइंट बुद्धीत ओतले. मास्तरीणच ती! सुशांतनं परोपरीनं समजावलं. नवशिके हीच चूक करतात, म्हणाला. आधी जीव वाचेल एवढी ताकद घे. मंत्र मागाहून शिकता येतात, पण पहिल्याच तळघरात मेलीस तर शिकणार कधी? आणि सगळे पॉइंट एकदम उधळू नकोस, थोडे हातचे राख, पुढे काय लागतं ते बघून टाक. तिनं ऐकलं नाही. गुडघ्याएवढ्या एका राक्षसानं तिला लोळवलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दोघं पोट धरून हसली होती. तो एरवी तिच्याशी मोजकंच बोलायचा. त्या दुपारी मात्र तो तिला मनापासून आवडला होता. संध्याकाळी त्यानं तीच गंमत कळंबोलीच्या हरेशला, म्हणजे ज्यानं गेमची सीडी दिली होती त्या मित्राला, फोनवर सांगितली होती.

आभानं हे सगळं सांगितलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. आग लागो मेल्या त्या गेमला, असं शशिकलाबाई म्हणाल्या. मला काय ठाऊक बाई, असं म्हणत सुनंदाताईंनी काढता पाय घेतला. विनायकराव तर उपकार झाल्यासारखे हात जोडून हसत होते. बाई आतून पेढे घेऊन आल्या. पोरीवर शाळेपासून फाट्यापर्यंत चिखल उडवून झाला होता आणि माफी मागावी असं एकाच्याही मनात आलं नाही. उलट तोंड गोड करा म्हणे!

आभाचं हसू मात्र थांबलं होतं. सुशांत इतका वेळ एक अक्षरही बोलला नव्हता.

"मामा शाळेत जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, हो, घरात बोलणं झालं होतं.

"आणि हे तुमच्याच फोनवरून उठलंय, हे कधी कळलं?"

"अगं, आईनं ते लोळवायचं वाक्य सांगितलं ना, तेव्हाच लक्षात आलं माझ्या." समजूत घालावी तसा तो हसला. "पण म्हटलं, एवीतेवी विषय निघालाच आहे, तर होऊन जाऊ दे चौकशी. आपल्याही मनाची खात्री. आणि बघ, काही निघालं नाही ना तुझं?"

आभाला शिसारी आली. समोर आलेला पेढा तिनं हातानं बाजूला केला आणि ती उठली.

"बाबा, चला," ती म्हणाली. "मुलाची चौकशी आपण केलीच नव्हती. ती आज झाली."