हनुवटीवरचा तीळ

तिसऱ्या गावातल्या ब्युटी पार्लरच्या पाटीवरही तीच बाई दिसली आणि शकूचं माथं भडकलं. तेच घारे डोळे, हनुवटीवर तोच तीळ. तिन्ही पाट्या रंगवल्या होत्या शकूच्याच नवऱ्यानं.

"कोण ही भवानी?" घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं.

तो रॉकेलमध्ये ब्रश धूत हसला. "अगं, पार्लरवाल्या बायका पाटीवर पेंटरचं नाव घालू देत नाहीत. मग मी तीळ काढतो. तीच माझी सही!"

शकू वरमली. उगाच आळ घेतला म्हणून तिनं संध्याकाळी भरली वांगी केली.

ताट वाढताना दारात घाऱ्या डोळ्यांची एक बाई उभी राहिली. "पेंटर आठवडाभर आले नाहीत. बरे आहेत ना?"

शकूनं तिच्या हनुवटीकडे पाहिलं. तिथं नवऱ्याची सही होती.