सत्तेचाळीस नंबरची बस

इंग्लंडातल्या त्या गावातली, ऑनलाइन ज्ञानकोशात लिहिणारी मंडळी वर्षातून एकदा पबमध्ये जमायची. यंदा क्रिस्पिनने बिअरचा ग्लास उंचावून हसत जाहीर केलं, "गावच्या बसमार्गांची यादी आज सकाळी मीच उडवली. ज्ञानकोश आहे तो, बसथांब्यावरची पाटी नव्हे."

ती यादी विल्फने चौदा वर्षं पोटच्या पोरासारखी जपली होती. अठ्ठावीस वर्षं बसचं स्टीअरिंग फिरवलेल्या हाताचा ठोसा थेट क्रिस्पिनच्या तोंडावर बसला. पुढचा दात बिअरमध्ये पडला, नाकातून रक्ताची धार लागली. विल्फने कॉलर धरून त्याला टेबलावर आपटलं, दोनदा. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काउंटरमागची ग्लेनिस ओरडत मध्ये पडली, "अरे मेल्या, जीव घेशील त्याचा! अँब्युलन्सला फोन केलाय, तर दोन तास लागतील म्हणे!"

विल्फ जरा ओशाळला. "मग सत्तेचाळीस नंबर पकड," तो धापा टाकत म्हणाला. "चर्चसमोरून सुटते. आठव्या थांब्याला हॉस्पिटल."

"संदर्भ?" क्रिस्पिनने रक्त थुंकत विचारलं.

"अरे, मीच चालवायचो की ती!"

"स्वतःचा अनुभव चालत नाही, विल्फ. त्रयस्थ माणसाचा दुजोरा लागतो. ज्ञानकोशाचा नियम आहे."



"मी रोज त्याच बसने येते," असं म्हणत ग्लेनिसने हातातला फडका खाली ठेवला आणि क्रिस्पिनचा शेजारचा दातही पाडला.