तिसरा पर्याय

अनसूयाबाईंची नजर अधू झाली होती, म्हणून काल भास्कररावांनी त्यांच्या मेंदूतल्या चिपचा, चष्म्यावर दिसणारा मेनू सुटसुटीत करून दिला. वरचे दोन बिनकामाचे पर्याय काढले, अक्षरं मोठी केली.

सारखी परत येणारी आठवण चिपमधल्या अँटिव्हायरसला व्हायरस वाटे. मुलगी मुक्ता वारल्यापासून तो रोज इशारा देई, आणि अनसूयाबाई न वाचताच उजव्या कानामागचं बटण तीनदा दाबून तिसरा पर्याय निवडत: 'राहू द्या'.

आज तिसऱ्या जागी 'कायमचं पुसा' आलं होतं.

"अहो, डोकं कसं हलकं वाटतंय आज!" शिरा ढवळताना त्या म्हणाल्या. मुक्ताची तिथी होती. मग हात थांबला. "पण एवढा शिरा मी कुणासाठी करतेय हो?"

भास्कररावांनी भिंतीवरचा मुक्ताचा फोटो काढून पाठीआड केला.

"मीच मागितला होता," ते म्हणाले.