सिद्धीची चाल

अठ्ठ्याण्णव साली जलद चालण्याच्या शर्यतीत सिद्धी जिल्ह्यात पहिली आली, आणि तिच्या वडिलांनी, पेठ गावच्या गुलाबचंद शेठनी, तिचे बूट दुकानातल्या कपाटात कोंडले. "हायवेनं कंबर हलवत चालतीस, टपरीवरची पोरं हसत्यात. चालायचं तर घरात चाल," असं म्हणाले. राज्याची शर्यत तिच्याशिवायच झाली. सिद्धी रडली नाही की भांडली नाही. पुढे तिनं जैन साध्वी होण्यासाठी दीक्षा मागितली, तेव्हा मात्र शेठनी लगेच आज्ञा दिली आणि त्याच हायवेवरून तिची वाजतगाजत मिरवणूक काढली.

बऱ्याच वर्षांनी आज साध्वींचा विहार, त्यांची गावोगावची पायी वाटचाल, पेठमधून चालला होता. पांढऱ्या वस्त्रांत, अनवाणी, सिद्धी सगळ्यांत पुढे होती. गुडघा ताठ, टाच आधी. नाव बदललं तरी चाल तीच होती. टपरीवरची माणसं हात जोडून उभी राहिली. तिला गाठता गाठता शेठना धाप लागली, पण ऊर अभिमानानं भरून आला होता. शेजारून चालणाऱ्या बायकोला, पानबाईंना, ते म्हणाले, "बघितलंस? केवढं वैराग्य आपल्या पोरीला!"

पानबाई रस्त्यातच थांबल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज त्यांच्या तोंडून निघालंच.

"अहो, दीक्षेआधी तिनं दीक्षा देणाऱ्या महासतीजींना एवढंच विचारलं व्हतं, 'रोज चालायला मिळेल ना? कुणी अडवणार न्हाई ना?'"