बिनजोडीचा इलेक्ट्रॉन

सहीच्या जागेवर अनुयाने बोट ठेवलं, तरी सदाशिव बर्व्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

अनुया त्यांची जुनी विद्यार्थिनी. जगतपुऱ्याच्या कॉलेजात त्यांच्याकडे रसायनशास्त्र शिकली, आता पुण्यात पीएचडी करत होती. दिवाळीला त्याच शहरातल्या मानसरोवर भागात आईवडिलांकडे आली, ती शोधनिबंध घेऊन थेट सरांच्या घरी. निबंधावर दोघांचीही नावं होती.

सरांनी बनवून पाठवलेल्या रॅडिकलचा एकच रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये धरून तिने त्यातून वीज नेली, असं निबंधात लिहिलं होतं. रॅडिकल म्हणजे ज्यात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहतो असा रेणू. तो इलेक्ट्रॉन शाबूत असेल तर आलेखात शून्यापाशी उंच सुळका येतो. तसा तो आला होता. अगदी देखणा.

त्या सुळक्याकडे बर्व्यांना बघवेना.

मे महिन्यात ते द्रावणाच्या चंबूला काळा कागद गुंडाळायला विसरले होते. दुपारभर खिडकीतलं ऊन लागलं आणि लालभडक रंग उडून गेला. तपासणीत रेषा सपाट निघाली. रॅडिकल उरलंच नव्हतं. पुण्याला चार महिने नुसत्या तारखा देऊन झाल्या होत्या. पुन्हा तोंड उघडायची लाज वाटली. उरलंसुरलं वाळवून त्यांनी तपकिरी कुपीत भरलं आणि पाठवून दिलं.

प्रतिमाबाईंनी चहा आणून ठेवला. पोरगी किती वाळलीय म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "सही करताय की मुहूर्त बघताय?"

अनुया हसली नाही. "सर, आज झाली तर बरं. मतलब, उद्याच पाठवायचाय."

तिने चहाला हातही लावला नाही. आपल्या घुमेपणामुळे पोर अवघडली, असं बर्व्यांना वाटलं.

प्रतिमाबाई आत गेल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. ऊन, सपाट रेषा, तपकिरी कुपी. सांगताना नजर फरशीवरून हलली नाही.

"तो सुळका दुसऱ्याच कशाचा तरी असणार. तुझा त्यात दोष नाही. तुझ्या गाइडना मी आजच पत्र लिहितो. तुझी दोन वर्षांची मेहनत मी मातीत घातली, अनुया."

अनुयाने निबंध हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"पत्र नका लिहू, सर," ती म्हणाली. "ती कुपी मी अजून उघडलेलीच नाही."