इब्राहिमची ओळ

सर्जेरावानं गिटार वाजवत गाण्यातला टोमणा मारला, पण ड्रमवर बसलेल्या इब्राहिमची ओळ याही वेळी उशिरा आली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्याला शब्दच लवकर सापडत नसत. आणि या दोघांच्या रॉक गाण्यांत तर लोक हसायचे ते त्यांच्या ओळीला ओळ भिडवत चाललेल्या लटक्या भांडणालाच. वीस वर्षांनी नवा अल्बम करायला दोघं स्टुडिओत बसले होते.

"काका, इब्राहिमकाकांच्या ओळी दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ या का?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

इब्राहिम हेडफोन काढून उठू लागला. सर्जेरावानं त्याला अडवलं.

"बस खाली, मर्दा! मी भांडायला परका माणूस आणू व्हय?"

गाणं पुन्हा सुरू झालं. टोमणा मारून सर्जेराव थांबला. ओळ काही येईना. मग गिटार न थांबवता त्यानं सुरातच कुरकुर केली, "बोल की लेका! का तोवर दाढी करून येऊ?"

इब्राहिमला खुदकन हसू आलं. "ये... करून. तोंड तरी... बरं दिसंल!"

काचेपलीकडे हशा पिकला. सर्जेराव पुढचा टोमणा मारायला गेला, पण डोळे पुसता पुसता त्याचीच ओळ अडली. इब्राहिम धड राहिलेल्या डाव्या हातानं हलकेच ताल धरून त्याच्यासाठी थांबून राहिला.