पहिली खेप

निवृत्त बसचालक काकांना अवकाशातल्या ऑनलाइन खेळात आपलं यान स्थानकातून बाहेर काढायलाच बारा दिवस लागले. आज पहिल्यांदा औषधांची खोकी भरून ते लांबच्या ग्रहाकडे निघाले. वाटेत एक यान बंद पडलेलं दिसलं. "बिचाऱ्याला मदत करू," म्हणत काका जवळ गेले, तशा त्या यानाच्या तोफा त्यांच्याकडे वळल्या. "माल टाका, नाहीतर उडवतो!" स्पीकरमधून घोगरा आवाज दरडावला. काकांना घाम फुटला. शेजारी लसूण सोलत बसलेल्या काकूंनी माइक ओढून घेतला. "मदतीला आलेल्या म्हाताऱ्याला लुटतोस? लाज नाही वाटत? तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू कसले धंदे करतोस ते?" पलीकडून नुसती खुसफुस ऐकू आली. "अगं, रडवलंस की काय त्याला?" काका कुजबुजले. तेवढ्यात तो आवाज चाचरत म्हणाला, "मावशी, आई शेजारीच बसलीय. तोफा तीच चालवते."